मागच्या बाजूचा वाटा

आमच्या घराचा स्लॅब एका शब्दामुळे गळायला लागला. लोक अशा वेळी सिमेंटला दोष देतात, वाळूला देतात, गवंड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. आमच्याकडे सिमेंट चांगलं होतं, वाळू धुतलेली होती आणि गवंडीही बरा होता. एक साधा शब्द माझ्या भावाच्या कानावर पडला आणि तो दचकला, एवढंच झालं.

मी रत्नागिरीत एका छापखान्यात प्रुफं तपासते. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, देवस्थानांच्या पावत्या. दिवसभर दुसऱ्यांच्या शब्दांतल्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळच्या एसटीने गावातल्या घरी जायचं. शब्द चुकला की काय होतं ते मला पोटासाठी ठाऊक असावं लागतं. एका पत्रिकेत चांगल्या धडधाकट आजोबांच्या नावाआधी 'कै.' छापून गेलं होतं, तर ते स्वतः काठी आपटत छापखान्यात आले होते. त्यांची समजूत घालता घालता मालकांनी त्यांना दोनदा चहा पाजला.

घर बाबांचं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे अंगण आणि अंगणात फणस. दर उन्हाळ्याच्या शेवटी बाबा कौलं चाळायचे, म्हणजे एकेक कौल उचलून, झाडून, फुटकं बाजूला काढून पुन्हा बसवायचे. ते वर चढायचे आणि मी खालून शिडीवर उभी राहून कौलं हातात द्यायची. दादा, माझा मोठा भाऊ, तेवढ्या वेळात नेमका क्रिकेट खेळायला जायचा. आई म्हणायची, मुलाला उन्हात कशाला घालता. मी मुलगी असल्यामुळे मला ऊन लागत नसावं.

बाबा गेले, वर्षश्राद्ध झालं आणि दादाने कौलं उतरवून स्लॅब घालायचं काढलं. दादा लोट्याला केमिकल कंपनीत आहे. आठवडाभर तिकडेच खोलीवर राहतो, सुट्टीला घरी येतो आणि आल्या आल्या घर कसं असायला हवं ते सगळ्यांना सांगतो. घरी आई, वहिनी आणि त्यांचा मुलगा. दादाची कारणं अशी होती की माकडं कौलं फोडतात, कौलं चाळायला आता माणसं मिळत नाहीत, आणि पुढे मुलाचं लग्न झालं की वर मजला चढवायचा आहे. माकडांचं खरं होतं. आमच्याकडची माकडं फणसावरून कौलांवर आणि कौलांवरून शेजाऱ्यांकडे अशी दिवसभर ये-जा करतात. पण खरं कारण असं होतं की वाडीत सगळ्यांचे बंगले झाले होते आणि आमचं अजून घरच होतं.

ज्या मुलखात आभाळ चार महिने ओतत असतं, तिथे घराच्या डोक्यावर परातीसारखं सपाट छप्पर घालायचं, हे आमच्या लोकांनाच सुचू शकतं. मग ते गळतं. मग त्याच्यावर लोखंडी खांब रोवून उतरता पत्रा घालायचा. आमच्यापासून संगमेश्वरापर्यंत कुठल्याही रस्त्याने जा, प्रत्येक स्लॅबच्या डोक्यावर पत्र्याची टोपी दिसते. आहे तो उतार मोडायला एकदा खर्च आणि तोच उतार परत आणायला दुसऱ्यांदा खर्च. दादाला मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तुझ्या सासरी कौलं होती ना? मग तिकडेच राहायचं होतंस."

कारण मी तेव्हा नुकतीच परत आले होते. नवरा मारायचा. पहिली काही वर्षं मी ते कोणाला सांगितलं नाही, नंतर सांगितलं तर कोणी ऐकलं नाही, मग मी एक दिवस पिशवी उचलली आणि एसटीत बसले. आई दारात तांदूळ निवडत होती. तिने माझ्या डोळ्याखालचा काळा डाग पाहिला, पिशवी पाहिली आणि पुन्हा सुपात बघत म्हणाली, "आलीस? बरं. राहा चार दिवस."

ते चार दिवस मी शब्दशः घेतले. मला मागच्या पडवीत जागा दिली होती. पूर्वी तिथे सरपण असायचं. पिशवी मी सोडली नाही. लागेल तो कपडा वरच्या वर काढायची, धुवायची, घडी करून परत आत घालायची आणि पिशवी दाराशी ठेवायची. मला वाटायचं, एक दिवस आई म्हणेल, सोड ती पिशवी आता, फडताळात लाव कपडे. ती रोज सकाळी पडवीचा केर काढायची. केर काढताना पिशवी उचलायची, खालची जागा झाडायची आणि पिशवी परत तिथेच ठेवायची. असे महिने गेले. शेवटी बाहेरगावच्या एका पाहुणीने विचारलं, ही बॅग कोणाची, कोण चाललंय? तेव्हा मी लाजून ती सोडली. 

स्लॅब पडला तो दिवस मोठा दणक्यात झाला. मिक्सर घरघरत होता, बायका घमेली पोचवत होत्या, रीतीप्रमाणे कामगारांना कोंबडीवडे होते. मागची पडवीसुद्धा त्याच स्लॅबखाली घेतली आणि तिला भिंत घालून खोली केली. ती माझी खोली. दादा चारचौघांत म्हणाला, "बहिणीला स्वतंत्र खोली काढून दिली." लोकांनी माना डोलावल्या. खोली बाबांच्या जागेत, बाबांच्या भिंतीला लागून होती, पण ती त्याने काढून दिली होती.

स्लॅबला पाणी मारायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. ओल्या मातीची बारीक आळी करून त्यात पाणी भरून ठेवायचं, छापखान्यात जायच्या आधी एकदा आणि आल्यावर एकदा. वहिनी खालून ओरडून सांगायच्या, "वन्सं, कोपरे सुके ठेवू नका हां!" मी एकही कोपरा सुका ठेवला नाही. वरच्या मजल्यासाठी खांबांच्या सळ्या वाढवून उभ्या सोडल्या होत्या. त्या गंजू नयेत म्हणून दादाने प्रत्येकीच्या टोकाला प्लॅस्टिकची रिकामी बाटली उलटी अडकवली. अजूनही त्या तिथे तशाच आहेत, आणि भाच्याला मुंबईत नोकरी लागली आहे.

पहिल्या पावसाळ्यात सगळीकडे थोडं थोडं पाझरलं. दादा म्हणाला, होतं असं, कोबा घातला की थांबेल. कोबा म्हणजे स्लॅबवर विटांचे तुकडे पसरून, त्यावर सिमेंट ओतून, उतार देऊन पक्का करायचा थर. आमच्या स्लॅबला पाणी जायला दोन तोंडं होती. एक पुढे, दादाच्या हॉलच्या बाजूला, दुसरं मागे, माझ्या खोलीवर. पाणी निम्मं पुढे जाणार, निम्मं मागे. पुढच्या उन्हाळ्यात गवंडी आला. संगमेश्वराकडचा, तोंडात कायम तंबाखू, सांगितलं तेवढं करायचं आणि जेवणाची वेळ चुकवायची नाही, असा माणूस.

आता तो शब्द. कठडा आणि कोबा जिथे मिळतात तिथे काटकोन राहिला तर पाणी त्या खाचेत साठून भिंतीत उतरतं. म्हणून गवंडी त्या कोपऱ्यात सिमेंट-वाळूचा मसाला भरून, हाताने किंवा बाटलीने घोटून गोलाई आणतात. त्या गोलाईला ते वाटा म्हणतात. मला हे तेव्हा माहीत नव्हतं आणि दादाला तर मुळीच नव्हतं. आम्हाला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता, आणि घरात तो कोणी उच्चारत नव्हतं. बाबा गेल्यापासून घर आई, दादा आणि मी अशा तिघांच्या नावावर होतं. हे आमच्याकडे एखाद्या लाजिरवाण्या आजारासारखं होतं, सगळ्यांना माहीत आणि कोणी बोलायचं नाही.

तो रविवार होता. दादा गच्चीवर कमरेवर हात ठेवून उभा, मी वर चहा घेऊन गेलेली. गवंड्याने पुढच्या बाजूचं आटोपलं होतं. मागच्या कोपऱ्याकडे थापी दाखवत त्याने विचारलं, "दादांनू, हिकडं ताईंच्या बाजूला वाटा काडायचा काय?"

दादाचा चेहरा मी विसरणार नाही. कोणी खिशात हात घातल्यावर माणूस कसा होईल, तसा तो झाला. त्याने आधी माझ्याकडे बघितलं. याला मीच पढवून उभा केलाय असं त्याला वाटलं असणार. मग तो मोठ्याने, खाली अंगणातसुद्धा ऐकू जाईल असं म्हणाला, "तिचा वाटाबिटा काय नाय! तिकडे वाटा नाय. तू तुझं काम कर."

"नको तर नको," गवंडी म्हणाला. त्याने थापी फिरवली, चहा घेतला आणि माझ्या बाजूचा काटकोन तसाच सोडून दिला.

मी ट्रे घेऊन खाली आले. मी कधी वाटा मागितला नव्हता. माझ्या मनात तो आलाही नव्हता, खरंच. पण त्या दिवशी गवंड्यासमोर, न मागितलेल्या गोष्टीला नाही ऐकून, मला पहिल्यांदा वाटलं की तो आपला आहे.

पाऊस लागला आणि पुढचा हॉल ठणठणीत कोरडा राहिला. दादाने त्या भरात हॉलला पीओपीचं छत करून घेतलं, नक्षीचं, मध्ये दिवे, आणि खाली कापडी सोफा. माझ्या खोलीची मागची भिंत मात्र आधी घामेजली, मग काळी पडली, मग तिचा गिलावा फुगून पोपडे उशीवर पडायला लागले. मी खाट मध्ये ओढली, तर छतातून थेंब. दाराकडे ओढली, तर दार उघडेना. कपड्यांना बुरशीचा वास यायला लागला. छापखान्यात शेजारी बसणारी बाई एकदा खुर्ची थोडी लांब सरकवून बसली. त्या क्षणी मला इतका संताप आला की मी पूर्ण पान न बघता पुढे ढकललं.

आणि या सगळ्यात रोज सकाळी छत्री घेऊन गच्चीवर चढायची ती मीच. फणसाची पानं पाण्याच्या तोंडाशी अडकतात, ती काढायला. पुढचं तोंड, मागचं तोंड, दोन्ही. वहिनींना जिन्याची भीती वाटायची.

गणपतीत गवंडी आरतीला आला तेव्हा मी त्याला खोलीत नेऊन भिंत दाखवली. त्याने बोटाने पोपडा उचकटला. म्हणाला, "वाटा नाय म्हनून पानी घुसतंय. मी इचारलेलं ना? तुमच्या भावानं सांगितलं, वाटा नाय." मी म्हटलं, वाटा म्हणजे काय? त्याने सांगितलं. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मला हसू फुटलं, असं की डोळ्यातून पाणी आलं. तो बिचारा घाबरून प्रसाद न घेताच गेला.

मी ते दादाला सांगितलं. मला वाटलं, तो ओशाळेल. त्याने त्याचा विनोद केला. घर पाहुण्यांनी भरलेलं, मोदकांची पानं वाढलेली, आणि तो पाटावर बसून सगळ्यांना सांगतोय, "हिचा वाटा नाय म्हटलं, तर हिच्याआधी भिंत रडायला लागली!" काका हसले, मावशी हसली, वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. आई तूप वाढत होती. तिने माझ्या पानात तूप वाढलं आणि तीही हसली.

पाहुणे गेल्यावर दादा माझ्या खोलीच्या दारात आला. आत नाही आला, चपला ओल्या झाल्या असत्या. म्हणाला, "हे बघ, मी काय वाईट नाय. मारून देतो तुझ्याकडचा वाटा. पण तो दुसरा सोड. तलाठ्याकडे एक सही कर, हक्क सोडला म्हणून. लोक विचारतात मला. उद्या तू घटस्फोट घेशील, दुसरं लग्न करशील, कोण कुठला माणूस येऊन माझ्या घरात बसेल." मागून आई आली. हातात अजून तुपाचं भांडं होतं. "कर गो सही, बाय," ती म्हणाली. "मी नाय केली गेल्या महिन्यात? माझं सगळं लिहून दिलं त्याला. बाईमाणसाला काय करायचंय वाट्याचं? निदान पाणी तरी थांबेल."

मी म्हटलं, "गळू दे."

दादा म्हणाला, "मग गळू दे." आणि निघून गेला.

तो पावसाळा मी कसा काढला ते सांगण्यासारखं नाही. सांगण्यासारखं एवढंच आहे की मला सही करावीशी वाटली. एकदा नाही, पुष्कळदा. अंगाखालची गादी ओली झाली की मोठमोठी तत्त्वं राहत नाहीत. भिंतीपलीकडे हॉलमध्ये आई कोरड्या खाटेवर झोपलेली आहे आणि तिला माझा खोकला ऐकू जातोय, हे मला ठाऊक होतं. मी कधी कधी मुद्दाम मोठ्याने खोकायची. ती कूस बदलायची, तेवढं ऐकू यायचं. मी तिचा द्वेष केला. दादाचा नाही इतका. दादा हव्यासापोटी वागत होता, तो निदान समजतो तरी.

वैशाखात मी त्याच गवंड्याला बोलावलं. चोरून नाही, दिवसाढवळ्या, वहिनींच्या डोळ्यांदेखत. वहिनींनी लोट्याला फोन लावला. दादाचं हसणं मला पलीकडून ऐकू आलं, "करू दे, करू दे! तिच्या खर्चाने आपलं घर दुरुस्त होतंय, आपलं काय जातं?" वहिनींनी खूश होऊन गवंड्याला कोकम सरबत दिलं.

गच्चीवर गवंड्याने दोरी धरून बघितलं. म्हणाला, नुसता वाटा काढून आता भागायचं नाही, खालचा थर भिजलाय, मागच्या अर्ध्या भागावर नवीन कोबा घालून उंची वाढवायला लागेल. उंची वाढली की मागचं पाण्याचं तोंड बुजणार. "मग पानी कुटं सोडू? उतार कुटं देऊ, ताई?"

मी त्या गच्चीवर उभी होते. एका बाजूला माझ्या खोलीचा काळा कोपरा, दुसऱ्या बाजूला, खाली, नक्षीचं छत आणि कापडी सोफा. मध्ये बाटल्यांच्या टोप्या घातलेल्या सळ्या. मी म्हटलं, "जिकडे माझा वाटा नाय तिकडे."

तो थोडा घोटाळला. "म्हंजी पुडं? सगळा पानी पुडं जाईल हां. पुडचा पायप बारीक हाय."

"जाऊ दे."

"सांगितलं तसं करतो," तो म्हणाला, आणि केलं. मागच्या तिन्ही बाजूंना त्याने असा वाटा काढला की बोट फिरवलं तर कुठे अडत नव्हतं. तो घोटत असताना मी शेजारी बसून राहिले. मला फार बरं वाटत होतं. अगदी मनापासून सांगते, लग्नातसुद्धा इतकं बरं वाटलं नव्हतं.

जूनमध्ये आणखी एक केलं. म्हणजे करायचं सोडलं. सकाळी छत्री घेऊन गच्चीवर चढायचं सोडलं. मला त्या जिन्याची भीती वाटायला लागली.

आषाढातल्या एका जोरदार आठवड्यात पुढच्या पाइपाच्या तोंडाशी फणसाच्या पानांचं बूच बसलं आणि साऱ्या गच्चीचं पाणी दादाच्या हॉलवर तुंबलं. आधी दिव्यांच्या भोवती पिवळी वर्तुळं उमटली. मग नक्षी फुगली. मग भर दुपारी, वहिनी मालिका बघत असताना, पीओपीचा एक भलामोठा तुकडा सोफ्यावर आदळला. वहिनी किंचाळत अंगणात. मी त्या दिवशी घरी होते. माझ्या खोलीत बसून प्रुफं वाचत होते, आणि भिंतीला पाठ टेकून बसले होते, कारण भिंत कोरडी होती.

रविवारी दादा आला. गुडघाभर पाण्यात उतरल्यासारखी पँट दुमडून वर गेला, सगळं बघितलं, पानं काढली आणि भिजलेला, लालबुंद होऊन माझ्या दारात उभा राहिला.

"काय केलंस हे तू?"

"माझा वाटा काढून घेतला," मी म्हटलं.

तो शब्द त्यानेच गणपतीत पाटावर बसून सगळ्यांना वाढला होता, आता त्याला तो गिळायचा होता. तो म्हणाला, कोर्टात जाईन. मी म्हटलं, जा, तिथेही तेच विचारतील, कोणाचा वाटा किती. मग तो आईवर ओरडला, ही तुझी मुलगी. आई हॉलमधलं पाणी टिपायला वाकली.

भर पावसात स्लॅबचं काही करता येत नाही. पावसाळा संपला की पत्रा घालायचा असं ठरलं. तोवर हॉलमध्ये जिथे कोरडं होतं तिथे सामान हलवायला लागलं. कोरडा कोपरा एकच उरला होता आणि तिथे आईची खाट होती. वहिनींनी सोफा त्या कोपऱ्यात सरकवला, वर प्लॅस्टिक घातलं. आईची खाट दिव्यांच्या खाली आली. पहिल्या दिवशी तिने अंगावर रेनकोट पांघरला. दुसऱ्या दिवशी ती दादाला म्हणाली, सोफा जरा हलव. दादा म्हणाला, कापड खराब होईल, आई, चार महिने काढ कसेतरी. मी हे सगळं माझ्या खोलीतून ऐकत होते. मध्ये एकच भिंत आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी छापखान्यातून आले तर आई माझ्या दाराबाहेर उभी होती. अंथरुणाची वळकटी छातीशी धरलेली, दोरीने बांधलेली. केस ओले. ती माझ्या भिंतीकडे बघत होती, मग वर छताकडे, मग पुन्हा भिंतीकडे. तिला विचारता येईना. आयुष्यभर तिने या घरात कोणाला काही विचारलं नव्हतं, नुसतं वाढलं होतं. आता तिच्या नावावर या घरातलं कौलाएवढं काही उरलेलं नव्हतं, आणि ते तिने स्वतःच्या सहीने दिलं होतं.

"तुझ्याकडे कोरडं आहे," ती म्हणाली.

मी कुलूप काढलं. मला वाटलं होतं, मला आनंद होईल. झाला. थोडा वेळ टिकला.

"आलीस?" मी म्हटलं. "बरं. राहा चार दिवस."

तिला आठवलं. मी तिच्या तोंडाकडेच बघत होते, तिला आठवलेलं मला दिसलं. ती आत आली आणि दाराशी जमिनीवर अंथरूण घातलं. मी खाटेवर ये म्हटलं नाही.

त्यानंतर पत्रा झाला. उतरता, निळा, खालून छान दिसतो. हॉल कोरडा झाला, सोफा जागेवर गेला. आईची खाट मात्र हॉलमध्ये परत लागली नाही, वहिनींनी तिथे टीव्हीचं नवीन कपाट केलं. ती माझ्याकडेच झोपते. रोज सकाळी उठून ती अंथरुणाची वळकटी करते, दोरी बांधते, गाठ मारते आणि दाराशी ठेवते. मी कामाला निघायच्या आधी खोलीचा केर काढते. केर काढताना वळकटी उचलते, खालची जागा झाडते, आणि परत तिथेच ठेवते.